गोल्डन शव्हल, ड्युप्लेक्स, खोडकविता: आजचे काव्यबंध मराठीत बांधताना काय अडतं?

यतिभंग

गेल्या पंधरा-वीस वर्षांत इंग्रजी कवितेत काही नवे बंध चांगलेच रुजलेत. मराठीतही त्यांचे प्रयोग दिसू लागलेत, पण वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. नियमाचा आकडा उचललेला असतो आणि तो नियम कशासाठी केला होता ते मागे राहिलेलं असतं. म्हणून हा धागा. एकेक बंध घेऊन तो मराठी व्याकरणात कुठे बसतो, कुठे मोडतो आणि मोडला तर काय करायचं, एवढंच बोलू. नमुने जरूर टाका.

सुरुवात गोल्डन शव्हलपासून करतो.

शिकागोच्या ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची 'वी रिअल कूल' ही कविता १९५९ची. शाळा सोडून पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळत बसलेली सात पोरं बोलतात. एकूण शब्द २४, सगळे एकाक्षरी, आणि त्यातला आठ वेळा आलेला शब्द 'आम्ही'. पहिला सोडला तर पुढच्या प्रत्येक वाक्याचा 'आम्ही' ब्रुक्सबाईंनी ओळीच्या टोकाला टांगून ठेवलाय, त्यामुळे वाचणाऱ्याचा आवाज तिथे क्षणभर लटकतो. त्या पूलच्या अड्ड्याचं नाव 'गोल्डन शव्हल'. अमेरिकी कवी टेरन्स हेज यांनी २०१०च्या 'लाइटहेड' संग्रहात त्याच नावाची कविता लिहिली आणि ब्रुक्सबाईंचे सगळे शब्द क्रमाने आपल्या ओळींच्या शेवटी ठेवले. कविता नेहमीसारखी डावीकडून उजवीकडे वाचायची, पण उजव्या काठाने वरून खाली आलात तर मूळ कविता जशीच्या तशी ऐकू येते. हा बंध इतका पसरला की २०१७ साली केवळ अशा कवितांचा जाडजूड संग्रह निघाला.

आता मराठी. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे ज्या ओळीचे शब्द काठाला ठेवायचे त्या मूळ ओळीत क्रियापदं जास्त असतील तर प्रत्येक ओळ टोकाला जाऊन पूर्णविराम घेते. कविता यादीसारखी दिसू लागते आणि तो लटकणारा आवाज नाहीसा होतो. मूळ ओळ निवडताना म्हणून आधी क्रियापदं मोजा. दहा-बारा शब्दांत तीनपेक्षा जास्त पूर्ण क्रियापदं नकोत. 'आणि', 'पण', 'जसा', 'तेव्हा', 'आम्ही' असे शब्द असलेली ओळ उत्तम, कारण हे शब्द टोकाला आले की वाक्याला पुढच्या ओळीत उतरावंच लागतं. निम्म्याहून जास्त ओळी तरी खाली उतरायला हव्यात.

दुसरं, सुरुवातीला पूर्ण कविता घेऊ नका. पाच ते चौदा शब्दांची एकच ओळ घ्या. कागदाच्या उजव्या काठाला शब्द एकाखाली एक लिहा आणि मग डावीकडची जागा भरायला बसा. उलट केलं, म्हणजे आधी ओळ लिहून तिच्या शेवटी तो शब्द चिकटवला, की जोड दिसतो.

शब्द कुठला मोजायचा हाही प्रश्न येतो. आपली शब्दयोगी अव्ययं नामाला जोडूनच लिहिली जातात, तेव्हा 'चुलीवर' हा एक शब्द. छापील शब्द हेच एकक धरावं. विरामचिन्ह बदललं तर चालतं, रूप बदललं तर चालत नाही. अर्थ बदलला तर फारच चांगलं. 'कर', 'वर', 'मान', 'नाव' असले शब्द मूळ ओळीत सापडले तर ती ओळ सोडू नका.

शाईचा_डाग

छान धागा. तुकोबांच्या 'आम्हां घरीं धन शब्दांचीच रत्ने' या ओळीवरचा नमुना देतो. शब्द पाच, म्हणून ओळी पाच.

खिडकीआडच्या साहेबाने कागद मागितले आम्हां
सगळ्यांकडे. कागद कुठले? पुरात वाहिलेल्या घरीं
होती एक पत्र्याची पेटी. आजी म्हणायची, धन
आहे तिच्यात. उघडली तर निघाली शब्दांचीच
ओली पाने, शाई फुटलेली. वाळवतोय ती रत्ने.

यात दोन ठिकाणी मराठीने हात धरला आणि एका ठिकाणी अडवलं. 'आम्हां' हे जुनं रूप आज एकटं वापरलं तर कृत्रिम वाटतं, पण त्याच्यापुढे 'सगळ्यांकडे' आलं की तेच रूप आजच्या बोलण्यातलं होतं. 'घरीं'च्या मागे 'वाहिलेल्या' हे सामान्यरूप सहज बसतं. अडवलं ते 'शब्दांचीच'ने. हा 'ची' पुढच्या नामाचं लिंग-वचन ठरवून बसलाय. पुढच्या ओळीचं पहिलं नाम स्त्रीलिंगी एकवचनी तरी हवं नाहीतर नपुंसकलिंगी अनेकवचनी तरी. 'शब्दांचीच कागद' होणार नाही. म्हणून 'पाने'. इंग्रजीत 'ऑफ' टोकाला आला तर पुढे काहीही चालतं, आपल्याकडे षष्ठीचा प्रत्यय पुढच्या ओळीवर हक्क सांगतो.

यतिभंग

शाईचा_डाग, 'शब्दांचीच' नंतरची 'ओली पाने' फार आवडली. तिथे ओळ बदलताना 'शब्दांचीच काय?' असा प्रश्न मनात उमटतो, आणि मूळ ओळीतल्या 'रत्ने'ऐवजी भिजलेली पानं हातात येतात. लटकणारा आवाज म्हणतात तो हाच.

एक सूचना. 'धन' ही ओळ कमकुवत आहे. 'आजी म्हणायची, धन / आहे तिच्यात' यात 'धन' टोकाला नेण्यासाठी वाक्य वळवल्यासारखं वाटतं, कारण बोलताना 'तिच्यात धन आहे' असंच येईल. शव्हलमध्ये शब्दक्रम एखाद्याच ठिकाणी फिरवावा. पाच ओळींत एकदा चालून जातं, तीनदा झालं की वाचक उजवा काठ शोधायला लागतो आणि कविता वाचायची थांबते.

आणि टोकाचे शब्द ठळक छापू नका. मूळ ओळ कवितेच्या वर द्या, तेवढं पुरे. इंग्रजीत शीर्षकाखाली 'आफ्टर' अमुक कवी असं लिहितात, त्याचं काही ठिकाणी 'ब्रुक्सनंतर' केलेलं दिसतं, ते साफ चुकीचं आहे. 'तुकारामांच्या ओळीवरून' हे आपलं सरळ मराठी आहे.

पाणकावळा

दोन प्रश्न. हयात कवींची किंवा अलीकडच्या कवींची ओळ घेतली तर हक्कांचं काय? आणि हेज यांची मूळ कविताच मराठीत आणायची असेल तर?

यतिभंग

हक्क: आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. बहिणाबाई १९५१ला गेल्या, त्यांची कविता आता मुक्त आहे. मर्ढेकर १९५६ला गेले, २०१७पासून मुक्त. कुसुमाग्रज १९९९ला गेले, त्यांचे हक्क २०५९ अखेरपर्यंत आहेत. संतकवितेचा प्रश्नच नाही, मात्र आधुनिक संपादकाच्या टीपा आणि प्रस्तावना त्यात धरू नका. हयात कवीची ओळ घ्यायची तर नाव द्या आणि छापण्याआधी एक पत्र टाका.

भाषांतर: इथे बहुतेक जण पहिल्याच पायरीवर घसरतात. हेजची कविता थेट भाषांतरित केली की उजवा काठ मोडतो, आणि मग उरते ती एक बरी वर्णनात्मक कविता. आधी ब्रुक्सबाईंचे २४ शब्द मराठीत पक्के करायचे. आठ वेळा 'आम्ही' ठेवायचाच, जरी मराठीत 'गेलो', 'शिकलो' यातच 'आम्ही' येऊन जातो. बोलताना आपण तो गाळतो, म्हणूनच इथे ठेवल्यावर त्याला वजन येतं. ते २४ शब्द काठावर लिहून झाले की मग हेजच्या ओळी त्यांच्याकडे वळवायच्या. अर्थात थोडी फारकत होईल, ती सोसावी. काठ गेला तर सगळंच गेलं.

मात्रा_मोजणी

ड्युप्लेक्सबद्दल मी लिहिते.

अमेरिकी कवी जेरिको ब्राउन यांच्या 'द ट्रॅडिशन' (२०१९) या संग्रहातला हा त्यांचा स्वतःचा बंध. संग्रहाला २०२०चं पुलित्झर मिळालं. सुनीत (सॉनेट), गझल आणि ब्लूज (आफ्रिकी-अमेरिकी गाण्यांचा प्रकार) या तिघांच्या मिश्रणातून तो तयार झालाय. १४ ओळी सुनीताच्या. दोन-दोन ओळींची सात कडवी गझलेची. आणि ओळ पुन्हा म्हणताना किंचित बदलायची, ही रीत ब्लूजची. प्रत्येक कडव्याची दुसरी ओळ पुढच्या कडव्याची पहिली ओळ म्हणून परत येते, पण जरा फिरून. चौदावी ओळ म्हणजे पहिलीच ओळ, जशीच्या तशी. प्रत्येक ओळीत ९ ते ११ इंग्रजी अक्षरावयव (सिलेबल).

आपल्याला हे अगदीच परकं नाही. चरणाच्या शेवटची अक्षरं पुढच्या चरणाच्या आरंभी घ्यायची, ते आपलं दामयमक. ड्युप्लेक्समध्ये अक्षरांच्या जागी अख्खी ओळ येते आणि येताना अर्थ बदलते.

आकड्याचा घोळ मात्र इथेच होतो. मराठीत ९ ते ११ अक्षरांची ओळ म्हणजे जेमतेम चार शब्द. इंग्रजीत तेवढ्यात सात-आठ शब्द मावतात, कारण त्यातले निम्मे एकाक्षरी असतात. चार शब्दांची ओळ परत आणताना फिरवायला जागाच उरत नाही. दुसरं म्हणजे आपण लिहितो एक आणि बोलतो एक. 'समजत' लिहिताना चार अक्षरं, बोलताना 'सम-जत' असे दोनच आघात. ओवी-अभंगात आपण लिहिलेलं प्रत्येक अक्षर मोजतो. ड्युप्लेक्स बोलीच्या लयीत चालतो. तरी मोजणीची शिस्त हवी म्हणून मी लिहिलेली अक्षरं मोजते आणि मर्यादा १३ ते १६ ठेवते. वरची कड आठ-आठ अक्षरांच्या लहान अभंगाच्या चरणांची, म्हणजे कानाला ओळखीची. खालचा नमुना याच हिशेबाने:

विहिरीला पाणी विचारायचं नसतं.
उन्हाळा दोराची लांबी मोजून जातो.

उन्हाळा मोजतो दोर, हात मोजत नाही;
हातांच्या रेषांत काथ्याचे तुकडे रुतले.

काथ्याचे तुकडे रुतलेत हातांच्या रेषांत,
ज्योतिषी त्यांनाच आयुष्य म्हणून वाचतो.

ज्योतिषी वाचतो रेषा, तहान वाचत नाही.
हंड्याच्या तळाशी चंद्र खरवडला जातो.

चंद्र खरवडून घ्यावा हंड्याच्या तळाचा,
पहाटे टँकर येतो त्याच्याच उजेडात.

टँकरच्या उजेडात उभी राहते रांग,
रांगेत सगळ्यात पुढे आई नाही, घागर.

घागर उभी आहे, आई पाणी होऊन गेली.
विहिरीला पाणी विचारायचं नसतं.

बांधायची रीत: पहिली ओळ आधीच शेवटच्या जागीही लिहून ठेवा. म्हणजे आधी अशी एक ओळ शोधा जिचे दोन अर्थ होतात, आणि मग बाकीच्या कवितेने तिला एका अर्थाकडून दुसऱ्याकडे न्यायचं. ब्राउन यांनी सुरुवातीचे ड्युप्लेक्स आपल्या जुन्या अर्धवट मसुद्यांतल्या सुट्या ओळी कापून, कागदाच्या पट्ट्या पुढेमागे सरकवत जुळवले होते. पट्ट्यांची ही युक्ती मराठीतही उपयोगी पडते, कारण पहिल्या कडव्यातल्या दोन ओळी एकमेकींपासून जितक्या लांबच्या, तितकी पुढची वाट मोकळी.

शाईचा_डाग

पहिल्या ओळीचे दोन अर्थ सांगतो, कारण बंधाचं सगळं यश त्यावर आहे. 'पाहुण्याला साधं पाणीही विचारलं नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा 'विचारणं' म्हणजे देऊ करणं. पहिल्यांदा वाचताना ओळ तशीच लागते: विहीर घरचीच, तिला काय पाणी विचारायचं. चौदाव्या ओळीपर्यंत विहीर आटलेली असते, आई गेलेली असते, आणि आता 'विचारणं' म्हणजे मागणं, किंवा जाब घेणं. शब्द तेच आहेत. हे इंग्रजीतून आलेलं नाही, मराठी वाक्प्रचारातून आलंय.

नवव्या ओळीकडे पुन्हा बघा. 'खरवडला जातो' आणि 'खरवडून घ्यावा' यात फक्त क्रियापदाचं रूप बदललंय. तिसऱ्या ओळीत 'हात मोजत नाही' ही नवी गोष्ट आली, तेराव्यात 'आई पाणी होऊन गेली' आलं. पाचवी आणि नववी नुसत्या पुनरुक्ती आहेत. त्यांतली एक चालेल, श्वास घ्यायला जागा लागते. दोन झाल्या की मध्यभाग सैलावतो.

मात्रा_मोजणी

नवव्या ओळीबद्दल पटलं. 'चंद्र खरवडणाऱ्या हंड्याला तळ उरत नाही' असं काही करून बघते. (१८ अक्षरं होतात, छाटावं लागेल.) पाचवी मात्र तशीच ठेवणार. तिथे शब्दांचा क्रम उलटा झाल्यामुळे पुढच्या ओळीतल्या 'त्यांनाच'मध्ये काथ्या आणि रेषा दोन्ही सामावतात.

मराठीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. शब्दक्रम लवचीक असल्यामुळे ओळ फिरवणं फार सोपं जातं, आणि त्यामुळेच आळस होतो. शब्द मागेपुढे केले म्हणजे बदल झाला असं वाटतं. फिरवलेली ओळ मोठ्याने वाचा. तिच्यात नवी वस्तू किंवा नवी व्यक्ती किंवा नकार आला नसेल तर ती ओळ जागा अडवून बसलीय.

कोरा_कागद

खोडकवितेवर कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. मराठीत सगळ्यात जास्त वाव याच बंधाला आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण आपली लिपी.

रीत साधी: एखादा तयार मजकूर घ्यायचा आणि त्यातलं खोडत जायचं. उरेल ती कविता. नवं अक्षर घालायचं नाही, क्रम बदलायचा नाही. अमेरिकी कवयित्री ट्रेसी के. स्मिथ यांची 'डिक्लरेशन' ही याची ठळक खूण. अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्यघोषणेत इंग्लंडच्या राजाविरुद्ध तक्रारींची यादी आहे. स्मिथबाईंनी त्यातलं इतकं खोडलं की उरलेला आवाज गुलाम करून आणलेल्या माणसांचा झाला.

इंग्रजीत बहुतेक जण शब्द खोडतात. आपल्याकडे शब्दाच्या पोटात शब्द असतात. सरकारी मराठी तर यासाठी खाणच आहे. 'आदेश' मधला 'आ' पुसा, 'देश' उरतो. 'मोबदला' मधून 'बदला'. 'अर्जदार' मधून 'दार'. 'वारसदार' मधून 'वार', 'रस', 'दार', जे हवं ते. 'बेकायदेशीर' मध्ये 'काय दे' दडलेलं आहे.

भूसंपादनाच्या नोटिशीच्या घाटाचं एक वाक्य घेऊ:

सदर आदेशाच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत अर्जदार मोबदला स्वीकारण्यास हजर न राहिल्यास त्याची हरकत नाही असे गृहीत धरण्यात येईल.

खोडल्यावर:

देशाच्या
आत
दार
बदला
गृह
धरण
येईल

शेवटचे तीन शब्द नीट बघा. 'गृहीत' मधून 'गृह' काढताना 'ही'ची वेलांटी पुसावी लागली. 'धरण्यात' मधून 'धरण' कसं निघालं? छपाईत 'ण्या' म्हणजे ण चा अर्धा भाग, मग य, मग काना. मधला य तेवढा पांढरा केला की अर्ध्या ण ला कान्याची उभी रेघ मिळते आणि पूर्ण 'ण' दिसतो, मध्ये थोडी फट राहते तेवढीच. ती फट राहू द्यावी. तिथे काही होतं हे दिसलं पाहिजे.

हे संगणकावर टंकून जमणार नाही. युनिकोडमध्ये 'ण्या'तला य आणि त्याआधीचा हलन्त काढला की 'णा' होतो, नुसता य काढला तर तुटका हलन्त आणि ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. छापील कागद ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि चित्रावर पांढरा ब्रश चालवा, किंवा सरळ कागदावरच व्हाइटनर. काळा मार्कर वापरायचा असेल तर शिरोरेषेचं आधी ठरवा. शिरोरेषा राखली तर शब्द कुठे होता ते कळतं, बुजवली तर पान डागाळलेल्या कागदासारखं दिसतं. दोन्ही चालतं, एका कवितेत दोन्ही नको. आणि मार्कर मागच्या पानावर फुटतो, म्हणून मूळ प्रतीवर कधीच नाही, झेरॉक्सवर करा.

प्रश्न: काना-वेलांटी-रफार पुसायला परवानगी असावी का? माझं मत, पुसता येतं ते सगळं चालेल. घालता काहीच येणार नाही. 'दिवसांच्या'वरचा अनुस्वार पुसून 'वसा' काढता येईल, पण 'दार'वर अनुस्वार देता येणार नाही.

यतिभंग

कोरा_कागद, 'धरण येईल' बघून थबकलो. नोटीस ज्या गोष्टीसाठी निघते तीच तिच्या शेवटच्या क्रियापदात लपलेली.

खोडण्याच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो, कारण इथे तंत्रापेक्षा मजकुराची निवड जास्त महत्त्वाची.

पहिली, एम. नूर्बेसे फिलिप यांचं 'झाँग!' (२००८). फिलिप मूळच्या टोबॅगोच्या, राहतात कॅनडात, आणि पूर्णवेळ लेखनाकडे वळण्याआधी वकिली करत होत्या. १७८१ साली झाँग नावाच्या जहाजावरून शंभराहून जास्त आफ्रिकी गुलामांना समुद्रात फेकलं गेलं आणि मालकांनी विम्याचे पैसे मागितले. १७८३चा त्या खटल्याचा छोटासा अहवाल, एवढाच बाईंचा शब्दसाठा. त्या शब्द फोडतात, अक्षरं पानभर विखुरतात. मांडणीचा नियम असा की कुठलाही शब्द दुसऱ्या शब्दाच्या थेट खाली येता कामा नये, वरच्या ओळीतल्या मोकळ्या जागेखालीच यावा, जणू श्वास घ्यायला. २०२१ साली इटालियन भाषांतर निघालं तेव्हा त्यात हा नियम पाळला नाही म्हणून फिलिप यांनी जाहीर हरकत घेतली. तेव्हा अशा कवितेचं मराठी करताना पानावरची मोकळी जागा हाही भाषांतराचाच भाग धरा. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांमुळे ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं, ते दीडपट तरी ठेवा.

दुसरी, अमेरिकेतल्या कवयित्री सोल्माझ शरीफ. त्यांनी २०१३च्या एका निबंधात सरळ सांगितलं की मजकूर खोडणं हे सरकारी सेन्सॉरचंही हत्यार आहे, कवीने ते हातात घेताना हे विसरू नये. त्यांच्या 'लुक' (२०१६) संग्रहात त्यांनी दुसरी वाट धरली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या शब्दकोशातले शब्द न खोडता मोठ्या अक्षरांत घरगुती वाक्यांच्या मधोमध आणून ठेवले. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसतात. हा प्रयोग मराठीत करायचा तर शब्द वेगळ्या टंकात छापावा लागेल. तिरपा टंक आपल्याकडे जोर देण्यासाठी वापरतात, म्हणून तो टाळून जुन्या टंकलेखन यंत्रासारखा टंक घ्यावा, सरकारी कागदाची आठवण त्यातून येते.

पाणकावळा

यावरून एक हरकत नोंदवतो. काही ठिकाणी संतांच्या अभंगांवर खोडकविता केलेली दिसते. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली गेली, ही आठवण ज्या भाषेत जिवंत आहे तिथे तुकोबांवर पांढरी शाई फिरवताना हात थांबायला हवा. नोटीस, जाहिरनामा, निकालपत्र, बँकेचं पत्र, हे खोडा. ज्याला बोलायला कधी जागाच मिळाली नाही त्याचे शब्द खोडू नका.

कोरा_कागद

मान्य. तुकोबांची ओळ हवी असेल तर शव्हल आहेच, तिथे एक शब्दही न हरवता ओळ पुढे जाते. खोडायला मजकूर निवडताना एवढंच बघावं, की हा कागद कुणाच्या घरात शिरला की घर हादरतं का.

मात्रा_मोजणी

इंग्रजीबाहेरचा एक बंध थोडक्यात. डेन्मार्कच्या इंगर क्रिस्टेन्सन (१९३५–२००९) यांचं 'अल्फाबेट' १९८१चं. विभाग वर्णमालेच्या क्रमाने आणि ओळींची संख्या फिबोनाची क्रमाने: १, २, ३, ५, ८, १३… प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. कविता चौदाव्या अक्षराशी, म्हणजे 'एन'शी थांबते. सुरुवात जर्दाळूच्या झाडांपासून: ती 'आहेत'. मग एकेक वस्तू येते, सगळ्या 'आहेत', आणि वाढत वाढत अणुबॉम्बही येतो. तोही 'आहे'.

डॅनिश आणि इंग्रजी दोन्हीत जर्दाळू 'ए'ने सुरू होतो, त्यामुळे इंग्रजी भाषांतराला पहिली ओळ आयती मिळाली. मराठीत जर्दाळू 'ज'कडे जातो. पहिल्या ओळीत 'अंबाडी' घ्या नाहीतर 'अडुळसा', पण वनस्पतीच घ्या, बॉम्बपर्यंतची वाट तिथूनच सुरू होते. ऋ आणि अं-अः सोडले तर स्वर दहा, मग क, ख, ग, घ. म्हणजे चौदावं अक्षर 'घ', आणि 'घर'. ऋ घेतला तर चौदावा 'ग' येतो, म्हणून ऋ सोडावा असं सुचवते. अडचण दोन ठिकाणी: 'ऐ' आणि 'औ'ला रोजच्या वस्तू कमी, आणि ओळी वाढत जाऊन सातव्या-आठव्या विभागात २१ आणि ३४ होतात, जिथे नेमके 'ए' आणि 'ऐ' येतात. 'ऐरण', 'ऐरणीचे घाव', 'ऐकू येणं' यांवर ३४ ओळी ताणायच्या. विभागातली प्रत्येक ओळ त्याच अक्षराने सुरू व्हायलाच हवी असं बंधन घालू नका, विभागाचं पहिलं नाम तेवढं त्या अक्षराचं असू द्या. सरावासाठी उ पर्यंत, म्हणजे १९ ओळी.

शाईचा_डाग

'ऐ'साठी 'ऐपत' आणि 'ऐवज' घ्या की. 'ऐपत आहे' नंतर 'ऐवज नाही' आला तर ३४ ओळींचा विभाग त्यावर उभा राहील.

आणि सगळ्यांना एक, नमुने टाकताना बघा. मोबाइलच्या पडद्यावर ओळ लांबली की तिचा शेवटचा शब्द एकटा खाली पडतो, आणि शव्हलचा काठ तिथेच तुटतो. माझ्या पाच ओळींपैकी पहिली अशीच मोडतेय. 'खिडकीआडच्या'ऐवजी 'खिडकीतल्या' केलं की एक अक्षर वाचतं, 'साहेबाने'चं 'बाबूने' केलं की आणखी एक.